निष्ठा की दांडगाई?

दोन राजकीय पक्षांचे अनुयायी राजधानीच्या भर रस्त्यात एकमेकांच्या अंगावर धावून गेले, म्हणजे दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले वाक्य पुढाऱ्यांचे. “आमच्या कार्यकर्त्यांच्या भावना अनावर झाल्या,” असे ते म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या मुद्रेवर खेदापेक्षा समाधानच अधिक दिसते. दुसरे वाक्य तुमच्याआमच्या घरांतले. सकाळचा चहा घेता घेता आपण मोबाईलवर ती हाणामारी पाहतो, “राजकारण हे असेच गलिच्छ, आपण त्यात पडू नये,” असा अभिप्राय देतो आणि कामाला लागतो. ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत. इतकेच नव्हे, तर ती एकमेकांना पोसणारी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मत येथे कारणांसह मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही हे हिंजवडीहून लिहीत आहो. मुळशी तालुक्यातील हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारतींनी वेढलेले आहे. येथे सदनिका घेऊन राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना मुंबईतील चकमकी फार दूरच्या वाटतात. दादर, प्रभादेवी, जुहू ही नावे बातमीत येतात आणि विरून जातात. परंतु आमच्या गावचे रस्ते, पाणी आणि सांडपाणी यांचे निर्णय ज्या पक्षांच्या हाती आहेत, तेच पक्ष राजधानीत आपले तरुण एकमेकांवर सोडतात. जो पक्ष आपल्या घरातील वाद हाताने मिटवितो, तो आमचे प्रश्न मात्र डोक्याने सोडवील, अशी आशा कोणत्या आधारावर करावयाची? म्हणून हा प्रश्न मुंबईचा म्हणून सोडून देण्यास आम्ही तयार नाही.

प्रथम पुढाऱ्यांच्या वाक्याचा विचार करू. भावना अनावर झाल्या, असे म्हणण्यात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, या भावनेच्या मुळाशी काही तत्त्व आहे, काही श्रद्धा आहे, आणि तिला धक्का लागल्यामुळे हात उठला. तसे असते, तर उठलेल्या हाताचा निषेध करूनही आम्ही त्या श्रद्धेचा मान राखला असता. पण गेल्या काही वर्षांतील घटनांचा क्रम काय सांगतो? २०१९ च्या ऑक्टोबरात शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांनी विधानसभेची निवडणूक एकत्र लढविली. पुढच्याच महिन्यात युती तुटली. २०२१ च्या १६ जून रोजी दादरच्या शिवसेना भवनासमोर याच दोन पक्षांचे कार्यकर्ते हातघाईवर आले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला जुहू येथे नारायण राणे यांच्या बंगल्याबाहेर पुन्हा तेच दृश्य दिसले; आणि हे राणे तर १९९९ साली शिवसेनेचेच मुख्यमंत्री होते. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना दुभंगली आणि तिचा एक भाग त्याच भारतीय जनता पक्षासह सत्तेवर आला. म्हणजे वर्षापूर्वी शिवसेना भवनासमोर ज्याने समोरच्याची गचांडी धरली, त्याच्यापुढे आता दोनच मार्ग होते. एक तर त्याच माणसाच्या गळ्यात गळा घालावयाचा, नाही तर कालपर्यंत ज्याच्या मांडीला मांडी लावून शाखेत बसलो, त्याची गचांडी धरावयाची.

दुसरा मार्ग धरणारे पुष्कळ निघाले. २०२२ च्या सप्टेंबरात अनंत चतुर्दशीच्या पाठोपाठ प्रभादेवीत दोन्ही गट भिडले. निमित्त गणपतीच्या विसर्जन-मिरवणुकीच्या स्वागताचे. वाद मारामारीवर गेला, मारामारी पोलीस ठाण्यापर्यंत गेली, गोळी झाडल्याचा आरोप झाला, आणि एका आमदारावर शस्त्रकायद्याखालीही गुन्हा नोंदला गेला. पुढे १६ नोव्हेंबर २०२३ रोजी, बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी, शिवाजी पार्कवरील त्यांच्या स्मृतिस्थळापाशी पुन्हा झटापट झाली. ज्या पुरुषाला दोघेही दैवत मानतात, त्याच्या स्मारकाशीच दोघे एकमेकांना लोटीत होते. यात तत्त्वाचा मतभेद कोणता, हे कोणी आम्हांस समजावून सांगेल काय?

याहूनही बोलके उदाहरण आहे. २००६ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फाडलेल्या फलकांवरून तिचे अनुयायी आणि शिवसैनिक मुंबईत समोरासमोर आले. तेव्हापासूनचे वैर धुमसत राहिले. २०२४ च्या ९ ऑगस्टला बीडमध्ये राज ठाकरे यांच्या गाडीपुढे सुपाऱ्या फेकण्यात आल्या; दुसऱ्याच दिवशी ठाण्यात उद्धव ठाकरे यांच्या ताफ्यावर नारळ आणि शेण फेकण्यात आले. गुन्हे नोंदविले गेले. आणि २०२५ च्या ५ जुलैला, म्हणजे पुरते वर्षही लोटले नव्हते तोच, वरळीला दोघे बंधू एका व्यासपीठावर आले. भावाने भावाला भेटावे, यात वाईट काहीच नाही. आम्हांला तर त्यात आनंदच आहे. पण ज्या भावनेपोटी नारळ फेकला गेला, ती भावना अकरा महिन्यांत कोठे गेली? ती फेकणाऱ्याची स्वतःची असती, तर पुढाऱ्यांच्या सोयीप्रमाणे अशी भरती-ओहोटी तिला लागली नसती. ती उसनी होती. मालकाने परत मागितली, की निमूटपणे परत करावयाची, अशा अटीवर दिलेली.

येथे कोणी म्हणेल, की रस्त्यावरचा राजकीय दंगा हा काही आजचा शोध नव्हे. खरे आहे. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांच्या वादात दक्षिणी बांधणीचा एक जोडा व्यासपीठाकडे भिरकावला गेला आणि तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तो जोडा फेकणेही गैरच होते. परंतु त्या भांडणात स्वराज्य कोणत्या मार्गाने मिळवावे, हा खराखुरा प्रश्न होता, आणि त्या काळचे पुढारी आपल्या मताची किंमत आपणच मोजीत. सुरतेनंतर वर्षभराच्या आत टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेला ते स्वतः गेले; आपल्या वतीने त्यांनी कोणा पोरसवद्या अनुयायास पाठविले नाही.

मुंबईच्या गिरणगावातील भांडणेही पोकळ नव्हती. १९६७ च्या डिसेंबरात परळच्या दळवी बिल्डिंगमधील कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीवर शिवसैनिकांनी हल्ला केला. १९७० च्या ५ जूनला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दलित पँथर आणि शिवसेना यांच्यातील संघर्ष पेटला आणि १० जानेवारीच्या मोर्चात पँथरचा तरुण कार्यकर्ता भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडी पाट्याने मारला गेला. गिरणी कामगाराचा कैवारी कोण, जातीच्या अन्यायाला उत्तर कोणते, हे प्रश्न खरे होते. पण त्या रक्तपाताने त्यांतील एक तरी सुटला काय? १९८२ च्या १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या हळूहळू कायमच्या बंद पडल्या, आणि लाल बावट्याखाली मार खाल्लेला कामगार व भगव्याखाली मार दिलेला कामगार असे दोघेही त्याच गिरणगावातून हद्दपार झाले. आज त्या जागांवर उंच मनोरे उभे आहेत. त्यांत या दोघांपैकी बहुतेकांना खोली मिळाली नाही. खऱ्या प्रश्नावर डोकी फोडूनही हाती जर एवढेच लागले, तर फलक, मंडप आणि मिरवणूक यांच्यावरून डोकी फोडून काय लागणार?

मग या चकमकी होतात तरी का? आमचे उत्तर असे आहे, की रस्त्यावरची चकमक ही आजच्या पक्षांतील बढतीची परीक्षा आहे. हे विधान काहींना कठोर वाटेल, म्हणून त्याची उपपत्ती सांगतो. चाळीतल्या किंवा गावातल्या एखाद्या हुशार, धडपड्या तरुणास राजकारणात वर जावयाचे आहे, असे समजा. पक्षात मतपेटी असती, तर त्याने सभासदांची मने वळवून शाखेचा प्रमुख व्हावे, तेथून तालुक्याचा, तेथून जिल्ह्याचा. पण पदे वरून नेमणुकीने मिळतात. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव व धनुष्यबाण यांचा निवाडा केला, तेव्हा त्या पक्षात निवडणुकीवाचून मर्जीतील मंडळी पदाधिकारी म्हणून नेमली गेल्याबद्दल कडक शब्दांत ताशेरे ओढले होते. हे दूषण एकाच पक्षाला लावणे अन्यायाचे होईल; इतर बहुतेक पक्षांतही निवडणूक असते ती कागदावर, आणि निकाल ‘बिनविरोध’ हा ठरलेला. अशा घरात वडील माणसाच्या नजरेस पडावे कसे? अभ्यासाने कोणी नजरेस पडत नाही. आरोळीने पडतो, आणि मारामारीने तर हमखास पडतो. कारण तिची चित्रफीत रात्रीच्या आत पुढाऱ्याच्या मोबाईलवर पोचते. निष्ठा मोजण्याचे दुसरे कोणतेच माप पक्षाने ठेवलेले नसल्यामुळे अंगावरचे वळ हेच माप होऊन बसले आहे.

पक्षाबाहेरची मतपेटीही याच काळात बंद होती, हे विसरून चालणार नाही. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि तेव्हापासून २०२६ च्या जानेवारीत मतदान होईपर्यंत देशातील या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. दोनशे सत्तावीस प्रभागांतील इच्छुकांना जवळजवळ चार वर्षे मतदारापुढे उभे राहण्याची संधीच नव्हती. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचीही तीच कथा. चकमकी त्यापूर्वी होत नव्हत्या, असे नव्हे. पण ज्या उमेदवाराने गल्लीतल्या नळाला पाणी आणून आपली योग्यता सिद्ध करावयाची, त्याला चार वर्षे मंडप आणि मिरवणूक यांवाचून दुसरे मैदान उरले नाही, ही वस्तुस्थिती आहे. शिवसेनेच्या दुफळीचा वाद आयोग, विधानसभाध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या दारांत वर्षानुवर्षे फिरत राहिला. रस्ता मात्र आपला निकाल पाच मिनिटांत देत होता. मतपेटी जेथे मुकी होते, तेथे मूठ बोलू लागते.

आता या परीक्षेचे शुल्क कोण भरतो, ते पाहू. पाच किंवा अधिक माणसे समान बेकायदा उद्देशाने जमली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो बेकायदा जमाव होतो, आणि त्या उद्देशाच्या पूर्तीसाठी एकाने केलेल्या अपराधाबद्दल जमावातील प्रत्येक जण दोषी धरला जाऊ शकतो, मग त्याने स्वतः हात उगारलेला असो वा नसो. हे तत्त्व जुन्या दंडसंहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. दंगलीच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत, आणि प्राणघातक शस्त्र हाती असल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. या जाळ्यात सापडतो तो जमावात उभा राहिलेला पोरगा. चेतावणीचे भाषण आदल्या दिवशी दुसऱ्याच मैदानावर झालेले असते, आणि भाषण करणारा चकमकीच्या वेळी आपल्या बंगल्यात असतो.

पुढाऱ्यांजवळ यावर ठरलेले आश्वासन असते: “आपले सरकार आले, की खटले काढून घेऊ.” राज्य सरकारे राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय वेळोवेळी करीत आली आहेत, हे खरे. परंतु सरकारला वाटले आणि खटला मिटला, असे होत नाही. न्यायालयाची संमती लागते. दरम्यान तारखा पडत राहतात. आता आमच्या हिंजवडीकडे पाहा. येथील कंपन्या माणूस नेमण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका तपासून घेतात. न्यायालयात खटला प्रलंबित असेल, तर पासपोर्टचा अर्ज अडतो आणि त्यासाठी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. प्रभादेवीच्या किंवा ठाण्याच्या चाळीतून पदवी घेऊन निघालेला मुलगा या इमारतींच्या दाराशी येतो, तेव्हा त्याच्या गुणपत्रिकेआधी ती एक रात्र वाचली जाते. ज्या पुढाऱ्यासाठी त्याने ती रात्र घालविली, तो तोपर्यंत कदाचित दुसऱ्या पक्षात मंत्री झालेला असतो.

राजधानीच्या रस्त्यावरून हा प्रकार अखेरीस राजधानीच्या मंदिरातही शिरला. १७ जुलै २०२५ रोजी विधानभवनाच्या लॉबीतच भारतीय जनता पक्षाच्या आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाच्या दोन आमदारांचे समर्थक एकमेकांवर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी सभागृहात खेद व्यक्त झाला आणि अभ्यागतांच्या प्रवेशावर निर्बंध आले. दोन समर्थकांवर गुन्हे नोंदले गेले. आमदारांना खेद आणि समर्थकांना गुन्हा, अशी ही वाटणी आहे. जेथे कायदे घडतात त्या इमारतीतही ती बदलली नाही.

इतके वाचून आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी मान डोलावली असेल, आणि “म्हणूनच आम्ही त्यात पडत नाही,” असे म्हटले असेल. आमचे खरे भांडण या वाक्याशी आहे. पुढाऱ्यांस दोष देणे सोपे. तो दोष ते ऐकतही नाहीत. पण पक्ष असे झाले, कारण विचार करणारी माणसे त्यांतून निघून गेली, किंवा कधी शिरलीच नाहीत. ज्या बैठकीत दहा माणसे हिशेब मागणारी असतात, तेथे आरोळी ठोकणाऱ्याची किंमत आपोआप उतरते. ती दहा माणसे आपण पुरविली नाहीत. आपण आपल्या मुलांना परदेशी शिक्षणाची वाट दाखविली, हे योग्यच केले. परंतु गावच्या सभेची वाट दाखविली नाही.

हिंजवडीचेच पाहा. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरलीच पाहिजे, असा कायदा आहे. आमच्या शेजारच्या सदनिकांतून त्या सभेस किती जण जातात? कित्येकांचे नाव अद्याप मूळ गावच्या मतदारयादीत आहे. तेथे मतदानास जाणे होत नाही आणि येथे नाव घातलेले नाही, म्हणजे ते दोन्ही ठिकाणी नागरिक नाहीत. २०२५ च्या जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे येथील रस्त्यांची पाहणी करावयास आले आणि आयटी पार्क बंगळूर-हैदराबादकडे चालले आहे, असे त्यांनी सरपंचांना भर रस्त्यात सुनावले. प्रश्न होता येथे राहणाऱ्या सर्व कुटुंबांचा. बोलत होते मंत्री आणि सरपंच, आणि आपण सर्व जण ते दृश्य मोबाईलवर पाहत होतो. जो स्वतः प्रेक्षक राहणे पसंत करतो, त्याने नाटक हीन दर्जाचे आहे म्हणून नाक मुरडण्यात काय पुरुषार्थ?

आणि आपण निव्वळ प्रेक्षक तरी आहोत काय? ज्या चित्रफितीची आपण निंदा करतो, तीच दहा जणांना पाठवितो. “बरी जिरवली” असे चार शब्द तिच्याखाली लिहितो. आपल्या सोसायटीच्या मोबाईलवरील गटांत, नात्यागोत्याच्या गटांत, पुढाऱ्यांवरून जी भाषा चालते, तीत आणि शिवाजी पार्कच्या फाटकापाशी चालणाऱ्या भाषेत फरक एवढाच, की तेथील माणसाला ती बोलण्याबद्दल मार बसतो आणि आपणांस बसत नाही. त्याच्या हातातला दगड दिसतो. तो दगड उचलण्यास जी टाळी लागते, ती वाजवणारे हात स्वच्छ धुतलेले असतात, म्हणून ते दिसत नाहीत.

याबाबत आणखी एक अन्याय आपण करतो. रस्त्यावर उतरणाऱ्या कार्यकर्त्यास आपण सरसकट गुंड म्हणतो. त्यांत गुंड असतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पुष्कळ जण तसे नसतात. रात्री-अपरात्री रक्ताची बाटली मिळवून देणारा, परगावच्या रोग्याला के. ई. एम. रुग्णालयात खाट मिळावी म्हणून धावपळ करणारा, म्हातारीच्या रेशनकार्डासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविणारा माणूस पुष्कळदा हाच असतो. तो ज्या घरांसाठी हे करतो, त्या घरांना तुमच्याआमच्यासारखी ओळख आणि वकील नसतात. त्याची सेवा खरी आहे, आणि तिच्यावर पक्ष उभे आहेत. दुर्दैव असे, की त्या सेवेची नोंद कोठेच होत नाही आणि एका रात्रीच्या दांडगाईची मात्र होते. पक्षाच्या वहीत शाबासकी म्हणून, पोलिसांच्या वहीत गुन्हा म्हणून. आमचा रोष त्या तरुणावर नाही. त्याच्या चांगुलपणाला ज्यांनी काडीचीही किंमत ठेवली नाही आणि त्याच्या संतापाला मात्र भाव दिला, त्यांच्यावर आहे.

तेव्हा करावयाचे काय? निषेधाचे ठराव पुष्कळ झाले. आम्ही तीन गोष्टी सुचवितो. तिन्ही आपल्यासारख्या पगारदार माणसांच्या आवाक्यातल्या आहेत. पहिली ही, की मत मागण्यास दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास एकच प्रश्न विचारावा: “तुमच्या पक्षाचा तालुक्याचा अध्यक्ष गुप्त मतदानाने शेवटचा कधी निवडला गेला?” उत्तर मिळणार नाही. पण शंभर दारांत हाच प्रश्न भेटला, की तो वर पोचेल.

दुसरी गोष्ट नुकसानीची. २००३ च्या ३० जुलैस मुंबईत पुकारलेल्या बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली शिवसेना व भारतीय जनता पक्ष या दोघांस प्रत्येकी वीस लाख रुपये भरण्याचा आदेश दिला होता. तो न्याय मागणारे लोक तुमच्याआमच्यासारखे सुशिक्षित नागरिकच होते. त्यांनी “आपण यात पडू नये” असे म्हटले असते, तर तो निकाल लागलाच नसता. जमाव ज्याच्या नावाने जमतो, त्याच्या तिजोरीला झळ लागली पाहिजे. आणि खटले मागे घेण्याचा प्रश्न निघेल, तेव्हा पुढाऱ्याचा विचार सर्वांच्या शेवटी झाला पाहिजे. आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलेच आहे. वाट दाखविलेली आहे, चालणारे हवेत.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड. आपले नाव आपण राहतो तेथील मतदारयादीत घालावे, ग्रामसभेत जावे, आणि ज्या पक्षाचे धोरण आपणांस त्यातल्या त्यात मान्य असेल, त्याचे सभासद होऊन त्याच्या बैठकीत बसावे. बैठक कंटाळवाणी असेल. तेथे आपणांस कोणी विचारणार नाही, कदाचित आपल्या मराठीची थट्टाही होईल. बसावे. मारामारीचे आकर्षण ज्या तरुणास आहे, त्याला मारामारीवाचूनही मोठे होता येते, हे दिसण्यासाठी त्या खोलीत तसा एक तरी माणूस बसलेला दिसला पाहिजे.

यावर असे म्हटले जाईल, की नोकरी, मुलांच्या शाळा आणि रोजची वाहतुकीची कोंडी यांतून वेळ कोठे आहे? वेळ नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. हिंजवडीच्या चौकात गाडीत बसून जो वेळ जातो, त्याचा हिशेब ठेवणाऱ्यास ते निराळे सांगावयास नको. पण ती कोंडीही त्याच राजकारणाची देणगी आहे, ज्यासाठी आपणांस वेळ नाही. सार्वजनिक कामाला न दिलेले तास अशा रीतीने रोज आपल्याकडून वसूल केले जातातच. आणि आपण न बसलेल्या बैठकीची भरपाई कोणा तरी चाळीतला पोरगा पोलीस कोठडीत बसून करतो. निष्ठा आणि दांडगाई यांतील भेद पुढारी करणार नाहीत, कारण तो न करण्यातच त्यांचा लाभ आहे. तो आपणांस करावा लागेल, आणि घरी बसून तो होण्यासारखा नाही.